नित्याचा शब्द आणि कोशातील अर्थ : राळेगाव परिसरातील वऱ्हाडी शब्दांच्या निमित्ताने

सारांश

प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव परिसरात रोजच्या व्यवहारात असलेल्या काही वऱ्हाडी शब्दांच्या अर्थाचा विचार केला आहे. प्रमाण मराठीत आणि वऱ्हाडीत रूप एकच, पण अर्थ वेगळा, असे अनेक शब्द या भागात आढळतात. मराठी कोशांनी अशा शब्दांची नोंद कोणत्या पद्धतीने केली, त्या पद्धतीत कोणता अर्थ निसटतो आणि त्याचे परिणाम वर्गात व शेतात कसे दिसतात, याची चिकित्सा येथे केली आहे. तुलनेसाठी फिलिपीन्समधील सेबुआनो भाषेच्या कोशाचा आधार घेतला आहे. बोलीतील शब्दाला प्रमाण भाषेतील प्रतिशब्द जोडून दिला म्हणजे त्याचा अर्थ दिला असे होत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वऱ्हाडी बोली, कोशरचना, प्रमाण मराठी, सेबुआनो, कोलामी, अर्थविचार.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाच्या निबंधाचे पेपर तपासत असताना एका विद्यार्थ्याच्या लेखनात ‘दुपारी धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली’ असे वाक्य आले होते. प्रस्तुत लेखकाने ‘धुऱ्यावर’ या शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ ओढली आणि वर ‘बांधावर’ असे लिहिले. हे करताना मनात कोणताही संकोच नव्हता. प्रमाण मराठीत ‘धुरा’ म्हणजे जबाबदारीचा भार; पक्षाची धुरा, संस्थेची धुरा असे आपण म्हणतो. धुऱ्यावर बसून भाकर खाता येत नाही, अशी ही आपली समजूत. वास्तविक लेखक याच भागात वाढलेला आहे आणि धुरा म्हणजे काय हे त्याला त्या विद्यार्थ्याइतकेच ठाऊक होते. तरीही हातातील लेखणीने चूक दाखवली.

या घटनेत दोष एका अध्यापकाचा आहे, हे मान्यच आहे. परंतु ती लेखणी ज्या समजुतीवर चालली, ती समजूत केवळ व्यक्तिगत नाही. बोलीतील शब्द हा प्रमाण शब्दाचा बिघडलेला अथवा ग्रामीण पर्याय असून त्याच्या जागी प्रमाण शब्द ठेवला की अर्थ तोच राहतो, अशी ती समजूत आहे. आपली पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि काही अंशी आपले कोशही याच समजुतीवर उभे आहेत. तिची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. कोशपरंपरा आणि वऱ्हाड

मराठीच्या आधुनिक कोशपरंपरेत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे स्थान वादातीत आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. हे काम मुंबई इलाख्याच्या आश्रयाने झाले. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या करारानंतर त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, आणि तोही मुंबई इलाख्याकडे नव्हे. म्हणजे ज्या काळात मराठी शब्दांची पहिली मोठी गणना झाली, त्या काळात आपला प्रदेश कोशकाराच्या राजकीय नकाशाबाहेर होता. कोकण आणि देश यांतील भेदांकडे त्या कोशाने जेवढे लक्ष दिले, तेवढे वऱ्हाडाकडे देणे त्याला शक्यही नव्हते.

त्यानंतरचा मोठा टप्पा ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा. मराठीला वाहिलेला त्याचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी व नागपुरी यांना स्वतंत्र जागा मिळाली, विभक्तिप्रत्यय व क्रियापदरूपे यांची नोंद झाली. मात्र या सर्वेक्षणाचा मुख्य नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर. या एका गोष्टीचे अनेक बोलींत रूपांतर करून घेतल्याने व्याकरणाची तुलना सोपी झाली. पण गोष्टीत जे नाही ते नमुन्यातही आले नाही. कापसावर जगणाऱ्या प्रदेशाच्या बोलीचा नमुना कापसाविषयी एक शब्दही न सांगता पुरा होऊ शकला, ही या पद्धतीची मर्यादा होय.

दाते-कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ या दृष्टीने फार पुढचे पाऊल आहे. या कोशाने प्रांतिक शब्द जाणीवपूर्वक गोळा केले आणि त्यांना खुणा दिल्या. ‘व.’ म्हणजे वऱ्हाडी, ‘ना.’ म्हणजे नागपुरी, ‘खा.’ म्हणजे खानदेशी, ‘गो.’ म्हणजे गोमंतकी. या परिश्रमाबद्दल आपण ऋणी असले पाहिजे. तथापि खुणांच्या या व्यवस्थेत एक विषमता आहे. वऱ्हाडच्या शब्दाला ‘व.’ ही खूण लागते. पुण्याकडच्या शब्दाला मात्र सहसा कोणतीही खूण लागत नाही. तो केवळ ‘मराठी’ असतो. खूण शब्दाचा पत्ता सांगते. पण खूण नसणे हेही काही सांगतेच. ज्याला पत्ता नाही तो घरचा, आणि ज्याला पत्ता आहे तो पाहुणा, असा अर्थ वाचकाच्या मनात नकळत घर करतो.

३. एक रूप, दोन अर्थ

या विषमतेचा खरा कस लागतो तो दोन्हीकडे असलेल्या शब्दांपाशी. ‘भेद्रं’ हा शब्द पुण्याच्या माणसाला कळत नाही, म्हणून तो विचारतो. आणि ‘टमाटा’ असे उत्तर मिळाले की व्यवहार पुढे सरकतो. न कळलेला शब्द फारसा घात करीत नाही. घात करतो तो कळल्यासारखा वाटणारा शब्द.

राळेगावच्या बाजारात ‘सांभार’ मागितला तर कोथिंबिरीची जुडी हातात पडते. इडलीसोबतच्या पातळ पदार्थाशी त्याचा काही संबंध नाही. ‘गंज’ म्हटले की इतरत्र लोखंडाचा तांबेरा आठवतो. आपल्याकडे स्वयंपाकाचे पातेले. ‘गुंड’ हा पाणी भरण्याचा धातूचा घडा. बाई गुंड डोक्यावर घेऊन येत असेल तर पोलिसांना बोलावण्याचे कारण नाही. ‘बंडी’ ही अंगात घालायची नसून बैल जुंपायची. ‘कोठा’ हा धान्याचा किंवा जागावाटपाचा नव्हे, तर गुरांचा. ‘तास’ हा घड्याळाचा असतोच, पण वावरात तो पिकाच्या ओळीचा असतो. ‘दोन तासं राहिले’ असे निंदणारी बाई म्हणते तेव्हा सुटी व्हायला दोन तास आहेत असे समजणे चुकीचे ठरेल.

क्रियापदांच्या बाबतीत ही गुंतागुंत अधिक खोल आहे. ‘निंदणे’ म्हणजे शिष्ट मराठीत निंदा करणे. वऱ्हाडात निंदणे म्हणजे पिकातील तण काढणे. या दुसऱ्या अर्थाला कोणी ‘अपभ्रंश’ म्हणू नये. गुजरातीतही तणाला व ते काढण्याच्या कामाला ‘नींदण’ असेच म्हणतात. म्हणजे शब्दाचे गोत मोठे आहे. केवळ आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही. ‘डवरणे’ हे क्रियापद कवितेच्या तासाला फुलांनी डवरलेल्या झाडापाशी भेटते. वर्गात बसलेला मुलगा मात्र सकाळी डवरा हाकून आलेला असतो. डवरणे म्हणजे बैलांच्या साहाय्याने पिकाच्या दोन ओळींमधील माती हलवणे. तो मुलगा फुलांनी डवरलेले झाड समजून घेईल. पण त्याच्या डवरण्याची दखल त्या तासाला कोणी घेत नाही.

या शब्दांना प्रतिशब्द देणे अवघड नाही. धुरा म्हणजे बांध, निंदण म्हणजे खुरपणी, पऱ्हाटी म्हणजे कपाशी. सोयीसाठी या पद्धतीला ‘बरोबरचिन्हाचा अर्थ’ म्हणता येईल : डावीकडे बोलीतील शब्द, उजवीकडे प्रमाण शब्द, आणि मध्ये बरोबरचिन्ह. प्रवाशाला ही पद्धत पुरते. अभ्यासकाला ती पुरत नाही, कारण चिन्हाच्या दोन बाजू क्वचितच समान असतात.

‘धुरा’ हाच शब्द घेऊ. दोन वावरांमधील मातीची उंच पट्टी एवढेच त्याचे वर्णन केले तर तो बांधच आहे. परंतु धुऱ्यावर बोरी-बाभळी असतात, गुरांना कापून आणायचे गवत असते, जाण्यायेण्याची वाट असते, दुपारच्या भाकरीची सावली असते. धुऱ्यावरून दोन भावांचे बोलणे बंद होते. ‘धुरा कोरला’ असे म्हटले की शेजाऱ्याने वखराच्या एकेका फेरीत बोट-दोन बोटे जमीन आपल्याकडे ओढली, एवढा सगळा आरोप त्या दोन शब्दांत येतो. असा आरोप ज्या कागदावर लिहिला जातो, त्या कागदाची भाषा प्रमाण असते. तेथे ‘बांधावर अतिक्रमण’ असे लिहिले गेले तर तक्रार नोंदली जाते, पण कोरण्यातील सावकाशपणा, वर्षानुवर्षे चाललेली ती चोरटी रीत नोंदली जात नाही. न्यायाच्या दृष्टीने तीच तर महत्त्वाची असते.

‘निंदण’ आणि ‘खुरपणी’ यांचेही असेच. डवरण पुरुषांकडे आणि निंदण बायांकडे, अशी कामाची वाटणी या भागात सर्वसाधारणपणे आहे. ‘निंदणाले गेली’ या वाक्यातील स्त्रीलिंगी रूप म्हणूनच केवळ व्याकरणाची बाब राहत नाही; काम कोणाचे, मजुरी कोणाची, पाठ कोणाची दुखते हे त्यात आहे. ‘उलंगवाडी’ हा शब्द तर प्रमाण मराठीत बरोबरचिन्हालाही दाद देत नाही. कापसाची शेवटची वेचणी संपून वावर मोकळे होण्याची ती अवस्था आहे. हंगामाचा जमाखर्च तेव्हा कळतो. उधारीचे, लग्नाचे, पुढच्या बियाण्याचे बोलणे उलंगवाडीनंतरवर ढकललेले असते. ‘हंगामसमाप्ती’ असा शब्द बनवता येईल. पण त्या शब्दावर कोणी उधारी देणार नाही.

४. सेबुआनोचा दाखला

अशीच परिस्थिती अन्यत्र कशी हाताळली गेली, हे पाहणे उपयुक्त ठरेल. फिलिपीन्समध्ये सेबू, बोहोल आणि मिंडानाओचा मोठा भाग येथे सेबुआनो भाषा बोलली जाते. तिचे भाषक सुमारे दोन कोटी आहेत. तरीही १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोगची निवड झाली आणि आज फिलिपिनो या नावाने तीच शाळा, शासन आणि चित्रपट यांची भाषा आहे. सेबुआनो बोलणारे लोक स्वतः आपल्या भाषेला बहुधा ‘बिसाया’ म्हणतात. ‘सेबुआनो’ हे नाव पुस्तकी अधिक. आपल्याकडेही ‘तुम्ही कोणती भाषा बोलता’ असे विचारले तर ‘वऱ्हाडी’ हे उत्तर शिकलेला माणूस देतो. इतर जण ‘मराठीच की’ असे म्हणतात, नाही तर हसतात. येथे एक फरक नमूद केला पाहिजे. सेबुआनो ही तागालोगची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे. वऱ्हाडी ही मराठीची बोली मानली जाते. तुलना भाषावंशाची नसून दैनंदिन शब्दाच्या प्रतिष्ठेची आहे.

या दोन भाषांतही फसवे शब्द आहेत. ‘लांगाम’ म्हणजे सेबुआनोत पक्षी आणि तागालोगमध्ये मुंगी. सेबूच्या मुलाने पक्ष्याचे वर्णन लिहावे आणि राजधानीकडील शिक्षकाने त्याला मुंगीला पंख कोठून आले असे विचारावे, हा प्रसंग कल्पनेतील असला तरी त्याची जात आपल्या ओळखीची आहे. तसेच तांदळाच्या बाबतीत सेबुआनोत तीन स्वतंत्र शब्द आहेत : शेतातील पीक व न सडलेले धान्य म्हणजे ‘हुमाय’, सडलेला कच्चा तांदूळ म्हणजे ‘बुगास’, शिजलेला भात म्हणजे ‘कानओन’. मराठीला हे वेगळेपण नवे नाही. पूर्व विदर्भात धान, तांदूळ आणि भात असे तीन शब्द आहेत. कोकणात मात्र उभ्या पिकालाही भात म्हणतात. आपल्या भागात हीच बारकाई कापसाच्या वाट्याला आली आहे. सरकी पेरली जाते, पऱ्हाटी उभी राहते, पाती लागते, बोंड धरते, कापूस वेचला जातो, जिनात रुई निघते आणि सरकी पुन्हा वेगळी होते. वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात. जे पीक पोट भरते किंवा मोडते, त्याच्या प्रत्येक अवस्थेला भाषा नाव देते.

१९७२ मध्ये जॉन वुल्फ यांचा सेबुआनो-इंग्रजी कोश अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झाला. सुमारे २५ हजार नोंदींच्या या कोशाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील शब्दांना प्रतिशब्दाबरोबर वापराची वाक्ये दिली आहेत. ही वाक्ये घरातील, बाजारातील, भांडणातील, थट्टेतील आहेत. त्यामुळे शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या सुरात येतो, हे वाचकाला कळते. बरोबरचिन्हाच्या पलीकडे जाण्याचा हा मार्ग आहे. कोश निर्दोष आहे असे नाही. वुल्फ यांनी शब्दलेखनासाठी तीनच स्वरचिन्हे वापरली, तर सर्वसामान्य सेबुआनो लेखनात पाच स्वर वापरले जातात; त्यामुळे आपलाच शब्द शोधताना तेथील वाचकाला अडखळावे लागते. वऱ्हाडीच्या कोशकारालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ उच्चारला जातो. तेव्हा ‘काळी’ची नोंद कोठे करायची, ‘मला’ आणि ‘मले’ यांचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागेल, आणि ते बोलणाऱ्याला आपला शब्द सापडेल अशा रीतीने ठरवावे लागेल.

फिलिपीन्समध्ये २०१२ पासून प्राथमिक इयत्तांत मातृभाषेतून शिक्षणाचे धोरण राबविले गेले, त्यात सेबुआनोचाही समावेश होता. २०२४ च्या कायद्याने त्याची सक्ती संपली. धोरणे येतात आणि जातात. कोश मात्र ग्रंथालयात राहतो. छोट्या महाविद्यालयातील अध्यापकाने कोणत्या कामात श्रम घालावेत, याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

५. ‘औषध’ : एका शब्दाचे ओझे

येथवरची उदाहरणे विनोदाने सांगता आली. पुढचे उदाहरण तसे नाही.

आपल्या भागात पिकावर फवारायच्या कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, कोठे ‘दवाई’ म्हणतात. ‘औषध मारलं’ म्हणजे फवारणी केली. आणि ‘त्यानं औषध घेतलं’ या वाक्याचा अर्थ, ते ज्या आवाजात म्हटले जाते त्यावरून, राळेगाव परिसरातील लहान मुलालाही कळतो. एकाच शब्दात ताप उतरवणारी गोळी, बोंडअळी मारणारे द्रव्य आणि माणसाने आयुष्य संपवण्यासाठी जवळ केलेला डबा, असे तीन अर्थ राहतात. १९३८ मध्ये पूर्ण झालेल्या कोशात यातील दुसरा-तिसरा अर्थ शोधणे अन्यायाचे होईल. रासायनिक कीटकनाशके खेड्यापाड्यांत पोहोचली ती त्यानंतर. परंतु त्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. औषध म्हणजे रोग बरा करणारे द्रव्य, या अर्थावरच आपले शालेय व महाविद्यालयीन अध्यापन थांबलेले आहे.

कीटकनाशकांच्या डब्यावर काय छापावे, हे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा व हिरवा असे त्रिकोण असतात. पहिल्या वर्गाच्या डब्यांवर कवटीचे चिन्ह असते, आणि पहिल्या दोन्ही वर्गांच्या डब्यांवर विष असल्याची सूचना असते. म्हणजे डब्यावर ‘विष’ आणि तोंडात ‘औषध’ अशी स्थिती आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, आणखी शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याची कारणे अनेक होती. त्या वर्षी किडीचा प्रादुर्भाव मोठा होता, पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेली होती, वेगवेगळी द्रव्ये एकत्र मिसळली जात होती, हातमोजे व मुखपट्ट्या नव्हत्या, हवा दमट व उष्ण होती. एका शब्दामुळे हे मृत्यू झाले असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल आणि खऱ्या जबाबदाऱ्या झाकणारेही ठरेल.

तरीही भाषेच्या अध्यापकाने विचारावा असा प्रश्न उरतो. ज्या द्रव्याला आपण रोज औषध म्हणतो, त्याविषयी सावध राहण्याची सूचना त्या शब्दातून मिळते काय? औषध जास्त घेतले तर लवकर गुण येतो, दोन औषधे एकत्र घेतली तर अधिक गुण येतो, हा सर्वसामान्य समज दवाखान्यातून वावरात कसा जातो, याचा कोणी अभ्यास केला आहे काय? ‘कीटकनाशक’ हा शासकीय शब्द माहितीपत्रकात असतो. पण तो बोलण्यात उतरला नाही. सूचना ज्या शब्दात दिली आणि काम ज्या शब्दात चालले, ते शब्द वेगळे राहिले. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने आधी वावरातील शब्दाचा अर्थ जाणून घेतला असता, तर ‘हे औषध नाही, हे जहर आहे’ एवढे एक वाक्य ठळक अक्षरांत सर्वांत वर घालणे त्याला सुचले असते. असे वाक्य घातल्याने किती जीव वाचले असते हे कोणी सांगू शकत नाही. परंतु नित्याच्या शब्दाचा अर्थ हा केवळ कोशाचा विषय नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

६. ललित साहित्य : संवादापुरती बोली

वऱ्हाडी शब्दांचे जतन कोशांपेक्षा साहित्याने अधिक केले, असे म्हणता येईल. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिकची भाषा आठवावी. दारिद्र्याशी झुंजणाऱ्या त्या बाईचे बोलणे वऱ्हाडीत नसते, तर ती कादंबरी आज जशी वाचली जाते तशी वाचली गेली नसती. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कोरडवाहू शेतीचे शब्द राष्ट्रीय पातळीवरच्या वाचकापर्यंत गेले. यवतमाळ जिल्ह्यातील शंकर बडे यांनी वऱ्हाडी कविता मंचावर नेली आणि हजारो श्रोत्यांना आपली भाषा मोठ्याने ऐकू आली.

या साहित्याविषयी आदर बाळगूनही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. पुष्कळ कथा-कादंबऱ्यांत संवाद बोलीत आणि निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत अशी विभागणी असते. पात्र रडते, भांडते, हसते ते बोलीत. त्याविषयी विचार केला जातो तो प्रमाण भाषेत. मंचावर तर अनेकदा वऱ्हाडीकडून विनोदाचीच अपेक्षा असते. म्हणजे बोलीला भावना आणि हशा यांचे क्षेत्र मिळाले, विवेचनाचे मिळाले नाही. प्रस्तुत लेखही त्याच प्रमाण भाषेत लिहिला आहे, ही विसंगती लेखकाला मान्य आहे. परंतु ही विभागणी स्वाभाविक वा सनातन नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्राची रचना केली ती आपल्याच वऱ्हाडातील रिद्धपूरला. त्या काळी या प्रदेशातील लोकभाषा तत्त्वविचाराला पुरी पडत होती. सातशे वर्षांनंतर तिच्याकडून फक्त मनोरंजनाची अपेक्षा करावी, हे भाषेच्या क्षमतेविषयी काही सांगत नाही. आपल्या सवयीविषयी सांगते.

७. कोलामी : आपणही कोणाचे तरी ‘प्रमाण’

वऱ्हाडीची बाजू मांडताना आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे होईल. राळेगाव तालुक्यात कोलाम समाजाच्या वस्त्या आहेत. त्यांना ‘पोड’ म्हणतात. कोलामांची भाषा कोलामी ही द्राविडी कुळातील आहे. पाण्याला तिच्यात ‘ईर’ म्हणतात, जो तमिळमधील ‘नीर’चा सगोत्र आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी वर्धा भागातील कोलामीच्या आधारे तिचे वर्णन १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आपल्या शेजारच्या पोडावरील भाषेचा हा ग्रंथ कॅलिफोर्नियातून निघाला. आपल्यापैकी किती जणांनी तो उघडून पाहिला, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

पोडावरून वर्गात येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पुण्याची मराठी ही तिसरी पायरी असते. घरची कोलामी, गावची वऱ्हाडी आणि पुस्तकातील मराठी. त्याने वऱ्हाडी चुकीची बोलली तर गावातील मुले हसतात. पुण्याकडच्या हसण्याने आपण दुखावलो, तेच हसणे आपण पोडाकडे पाठवतो. बोलीच्या अभिमानाला न्यायाची जोड नसेल तर तो अभिमान केवळ एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकतो. म्हणून या परिसरातील शब्दसंग्रहाचे कोणतेही काम वऱ्हाडीपुरते मर्यादित ठेवू नये. कोलामी व गोंडी शब्दांना त्यात पहिल्या दिवसापासून स्थान असावे.

८. काय करता येईल

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला. डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रित साहित्य महाजालावर खुले केले. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. अभिजाततेचा दावा ज्या जुन्या ग्रंथांच्या बळावर केला गेला, त्यांतील काही याच भूमीत रचले गेले. त्या दर्जाचा लाभ या भूमीतील जिवंत शब्दांपर्यंत पोहोचणे उचित ठरेल.

मोठ्या संस्थांची वाट न पाहता महाविद्यालयीन पातळीवर पुढील गोष्टी शक्य आहेत.

पहिली, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शब्दसंग्रह घ्यावा. मात्र शब्दापुढे प्रतिशब्द न लिहिता, तो शब्द ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य लिहावे. बोलणाऱ्याचे नाव नको. वय, काम आणि गाव पुरेसे आहे.

दुसरी, हे काम मराठी विभागाने एकट्याने करू नये. तणांची नावे वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाशिवाय निश्चित होणार नाहीत. मक्ता, बटई, सालदारी यांचे अर्थ अर्थशास्त्राच्या मदतीशिवाय नेमके सांगता येणार नाहीत. औषध या शब्दासाठी रसायनशास्त्राची गरज आहे. बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारणही हेच आहे.

तिसरी, उत्तरपत्रिकेत बोलीतील शब्द आढळल्यास तो खोडण्याऐवजी त्याला वर्तुळ करावे आणि विद्यार्थ्याला त्याचा अर्थ समासात लिहायला सांगावे. प्रमाण भाषा त्याला शिकवायचीच आहे. त्याच्या पुढील आयुष्यात तिची गरज आहे. पण एक शब्द शिकवण्यासाठी दुसरा पुसण्याची गरज नाही.

९. समारोप

राळेगावपासून जवळच रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. सीतेने गावात पसाभर गहू मागितला, तो कोणी दिला नाही आणि म्हणून येथे गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी कथा तेथे सांगतात. या कथेतील ‘पसा’ म्हणजे किती, असे नागर विद्यार्थ्याला विचारले तर तो कोश उघडेल. गावातील बाई हाताचा तळवा खोलगट करून पुढे धरील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण मागणे किती लहान होते आणि नाकारणे किती मोठे, हे दुसऱ्या उत्तरातून अधिक कळते.

धुऱ्याखाली ओढलेली ती तांबडी रेघ आता पुसता येणार नाही. तो विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला, आणि बहुधा ‘बांध’ असेच लिहीत असेल. पुढील सत्रापासून मराठी विभागाच्या फळ्यावर दर आठवड्याला परिसरातील एक शब्द, विद्यार्थ्याने ऐकलेल्या वाक्यासह, लिहिण्याचे ठरविले आहे. पहिला शब्द धुरा असेल. इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी आपापल्या गावचे शब्द अशाच रीतीने वाक्यांसह नोंदवले, तर काही वर्षांत कोशाला लागणारे साहित्य आपोआप जमा होईल.